एकोणिसावी तबकडी

तबकडी कोरी करकरीत होती. डबा सीलबंद होता आणि ते सील चारूनं स्वतःच्या हातानं फोडलं होतं. तरीही नोंदयंत्राचं बटण दाबलं की आधी 'खर्रर्र', मग दोनदा 'टक टक' आणि पुढे ढिम्म काही नाही.

चारूनं पाचव्यांदा बटण दाबलं, आणि मग यंत्राला एक चापट मारली.

"त्याला मारून काय उपयोग?" आप्पा म्हणाले. "ते बिचारं जे दिसतंय तेच सांगतंय."

आप्पा म्हणजे चारूचे आजोबा, डॉ. लीलाधर भंगाळे. त्यांचं सगळं आयुष्य प्रकाशाच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. निवृत्त झाल्यावर ते सातपुड्याच्या पायथ्याशी, सागझिरा गावात येऊन राहिले. ते प्रयोगशाळेत नेमकं काय करायचे हे गावाला कधी उमगलं नाही, पण काही बिघडलं की सगळं गाव त्यांच्याच दारात उभं असायचं.

"पण आप्पा, तो ओरडला होता! मी समोर उभी होते. दोनदा ओरडला, मी दोन तबकड्या लावल्या, आणि दोन्ही अशा निघाल्या." चारूनं तबकडी बाहेर ओढली. "आता गुरुवारी मी काय दाखवू?"

गुरुवारी सुनावणी होती. गावामागच्या नाल्याकाठी जुन्या सागाचं एक रान होतं. ते तोडून तिथे मालवाहू ड्रोनचा तळ करायचं घाटत होतं. तळ हवा होता हे खरंच, पण तो पलीकडच्या माळावरही होऊ शकला असता. माळ जरा लांब पडायचा, एवढंच. मात्र त्या रानात रानपिंगळा राहत असेल, तर कुणी एका झाडालाही हात लावू शकणार नव्हतं. रानपिंगळा म्हणजे भरदिवसा ओरडणारं एक छोटंसं, गुबगुबीत घुबड. २०७९ साली ते इतकं दुर्मीळ झालं होतं, की सागझिऱ्यात बारा वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. रविवारी सकाळी अकरा वर्षांच्या चारूनं ते ऐकलं.

तुम्ही म्हणाल, मनगटावरच्या घड्याळात आवाज टिपायचा आणि दाखवायचा. चारूनं तोही टिपला होता. पण त्या काळात कुठलाही आवाज घरबसल्या बनवता यायचा. आदल्याच वर्षी एका गृहस्थानं शेजाऱ्याची विहीर अडवायला वाघाची डरकाळी बनवून आणली होती, आणि वनखात्याची माणसं आठ दिवस त्या वाघाच्या मागे हिंडत होती. तेव्हापासून नियमच झाला होता. रानातला पुरावा चालेल तो फक्त 'एकलेखी' तबकडीवरचा (जिच्यावर एकदाच लिहिता येतं आणि लिहिलेलं खोडता किंवा बदलता येत नाही अशी तबकडी). तीही जागेवरच, नोंदयंत्रात भरलेली हवी. गावाच्या वाचनालयात अशा पंचवीस तबकड्यांचा एक डबा शिल्लक होता. जळगावहून नवा मागवायचा तर पंधरा दिवस लागणार होते, आणि आज सोमवार होता.

"चल," आप्पा उठले. "यंत्राला विचारून झालं. आता डब्याला विचारू."

वाचनालयात मथुराकाकू होत्या आणि ठोकळ्या होता. मथुराकाकू वाचनालय सांभाळायच्या. ठोकळ्या हा त्यांचा मदतनीस यंत्रमानव. त्याचं मूळ नाव अठरा अक्षरी होतं, पण चौकोनी डोकं आणि चौकोनी पोट पाहून मुलांनी त्याचं बारसं करून टाकलं होतं. त्याची त्याला काही हरकत नव्हती.

"काय वं माय, तोंड का असं उतरलंय?" काकूंनी चारूला विचारलं.

चारूनं सगळं सांगितलं. काकूंनी लगेच लोखंडी कपाट उघडलं आणि काळ्या पिशवीतून एक तबकडी काढली. "ही लावून बघ. वाचनालय उघडलं त्या दिवशीची. दोन डबे आले होते, एकाच कारखान्यातून, एकाच गाडीनं. एक त्याच वर्षी वापरून संपवला. दुसरा मी जपून ठेवला, कामाला येतो कधीतरी म्हणून."

तबकडी लावताच अकरा वर्षांपूर्वीच्या मथुराकाकू खणखणीत आवाजात गाऊ लागल्या. एक कडवं झालं, दोन झाली, पण कुठे अडखळणं नाही की खरखर नाही.

चारू बुचकळ्यात पडली. दोन्ही डबे एकाच वयाचे होते. वापरलेली तबकडी सुरेख चालत होती आणि जिला कुणी बोटही लावलं नव्हतं ती मात्र मुकी झाली होती. "हे उलटंच झालं की!" ती म्हणाली. "वापरलेली वस्तू झिजते. कोरी कशी बिघडेल?"

"हाच प्रश्न मला हवा होता," आप्पा खूश होऊन म्हणाले. त्यांना चांगला प्रश्न मिळाला की भूक लागायची. त्यांनी काकूंच्या डब्यातला एक लाडू उचलला आणि बैठक मारली. "तबकडीच्या पोटात काय असतं, सांग बरं."

"प्लॅस्टिक."

"प्लॅस्टिक असतं, पण ते नुसतं अंगरखा. आत दोन पातळ थर असतात. एक रंजकाचा (रंग देणाऱ्या रसायनाचा) आणि त्याच्या पाठीला एक परावर्तक थर (प्रकाश उलट फेकणारा धातूचा पापुद्रा). आवाज नोंदवताना यंत्र त्या रंजकावर लेसरचा (सरळ रेषेत जाणाऱ्या, एकाच रंगाच्या प्रकाशाचा) जोरदार झोत सोडतं. झोत पडेल तिथे रंजक भाजतं आणि एक बारीक डाग उमटतो. इतका बारीक, की केसाच्या जाडीत असे शंभरएक डाग ओळीनं बसतील. आवाज ऐकताना तोच झोत अगदी मंद करून फिरवायचा. डाग नसेल तिथून प्रकाश परत येतो, डाग असेल तिथून नीट येत नाही. आला, नाही आला, आला, नाही आला... या उघडझापेतून यंत्र आवाज पुन्हा उभा करतं."

"म्हणजे रंजकाला भाजता यायला हवं."

"बरोबर! लिहिलेल्या तबकडीचं काम झालेलं असतं. तिला डाग सांभाळत बसून राहायचंय. कोरीचं काम व्हायचं असतं. प्रकाश पडला की बदलेन, या तयारीत तिचं रंजक वर्षानुवर्षं थांबलेलं असतं. आता प्रकाशानं बदलणारी वस्तू कशानं बिघडेल?"

"प्रकाशानं," चारू म्हणाली आणि डब्याकडे पाहू लागली. डबा पारदर्शक होता. सील धुळीला अडवतं, हवेला अडवतं, पण उजेडाला कसं अडवणार? "पण हा तर कपाटातच होता ना, काकू?"

"कपाटातच! अकरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही."

"दुरुस्ती," कोपऱ्यातून ठोकळ्या म्हणाला. "डबा दर वर्षी एक दिवस कपाटाबाहेर होता. वैशाख महिना, सकाळी अकरा ते संध्याकाळी चार. वाचनालयाची गच्ची."

सगळे गर्रकन त्याच्याकडे वळले.

"गच्चीवर?" काकूंचा आवाज चढला. "कुणी नेला?"

"मी. काकू, तुमचीच सूचना आहे. साठवणीच्या सगळ्या वस्तूंना वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, म्हणजे त्या टिकतात. मी ज्वारीच्या पापडांना, बिबड्यांना दाखवलं, लाल मिरच्यांना दाखवलं, तूरडाळीला, गोधड्यांना दाखवलं. हा डबाही साठवणीचा होता."

"अरे ठोकळ्या, तबकडी म्हणजे काय ज्वारीचं बिबडं आहे का रे?"

"दोन्ही गोल आहेत," ठोकळ्यानं विचार करून उत्तर दिलं. "दोन्ही पुढच्या वर्षासाठी ठेवलेली होती."

चारूला रडू आणि हसू एकदमच आलं. खानदेशातलं वैशाखाचं ऊन म्हणजे चेष्टा नव्हे. अकरा वर्षं, दर वर्षी पाच तास त्या डब्यानं ते सोसलं होतं, आणि तेही लाडाकोडानं. ठोकळ्याच्या छातीवरचा हिरवा दिवा मंदावला. "माझ्यामुळे रान तुटणार असेल, तर मला बंद करून ठेवा," तो म्हणाला.

"गप रे," काकू म्हणाल्या. "सांगितलं मी, केलंस तू. ऊन दाखवायची वस्तू कोणती आणि झाकायची कोणती, हे मलाच कुठे ठाऊक होतं? बंद कसला होतोस, डबा इकडे आण."

आप्पांनी डबा उजेडापासून दूर, टेबलाखाली धरला. तबकड्या एका दांडीत ओवून एकावर एक रचलेल्या होत्या. वरच्या दोन चारूनं वापरल्या होत्या. तेवीस उरल्या होत्या.

"सगळ्या गेल्या असतील का?" चारूनं विचारलं.

"तूच सांग. ऊन कुठून येतं?"

"वरून." चारू डब्याकडे बघता बघता थांबली. "आप्पा! वरची तबकडी खालच्या तबकडीची छत्री झाली असेल ना? म्हणजे सगळ्यात खालची सगळ्यात चांगली असणार. तीच घेऊ!"

"शाबास. पण खात्री कशी करशील?"

"लिहून बघायची."

"आणि लिहिली की?"

 एकलेखी तबकडी. लिहून बघितली की ती संपली. "हे काडेपेटीसारखं झालं," ती हळूच म्हणाली. "काडी पेटते की नाही हे पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवली की ती उरत नाही."

"अगदी तसंच. म्हणून नमुना (सगळ्यांच्या वतीनं तपासायला घेतलेल्या थोड्या वस्तू) घ्यायचा. आपल्याकडे तेवीस आहेत, पाच-सहा खर्ची घालू. आणि नुसतं वाजते की नाही एवढं बघायचं नाही. चुका मोजायच्या."

"वाजत असेल तर चुका कसल्या?"

आप्पांनी कागदावर तीन आकडे लिहिले: ४, ७, २. शेजारी बेरीज लिहिली: १३. मग मधल्या सातावर लाडवाचं तुपकट बोट फिरवलं. सात पुसट होऊन गेला. "आता सांग, इथे काय होतं?"

"सात. चार आणि दोन सहा, तेरातून सहा गेले की सात."

"तबकडीही हेच करते. खऱ्या आकड्यांसोबत ती असे राखणदार आकडे (चूक शोधून ती भरून काढायला लिहिलेले जास्तीचे आकडे) ठेवते. एखादा डाग पुसट निघाला तर यंत्र हिशेब करून तो भरून काढतं, आणि आपल्याला काही कळतही नाही. पण हे बघ." त्यांनी चारावरही बोट फिरवलं. "आता?"

"आता नाही सांगता येणार. दोन आकडे गेले."

"म्हणून तबकडी हळूहळू बिघडत असते, पण आपल्याला मात्र ती एकदम बंद पडल्यासारखी वाटते. कालपर्यंत छान वाजत होती, आज मुकी. चुकांचा आकडा आतल्या आत वाढत असतो. आपलं यंत्र सेकंदाला दोनशे चुका सांभाळू शकतं. त्याच्या आत जितक्या खाली राहू तितकं भरवशाचं."

मग चौघं कामाला लागले. काकूंनी खिडक्यांना गोधड्या लावल्या. चारूनं पेन्सिलीनं वहीत तक्ता आखला. तबकडीवर मात्र काही लिहायचं नाही, असं आप्पांनी बजावलं होतं; टोकदार पेनानं वरचा पापुद्रा खरवडतो आणि शाईनं कधीकधी खराब होतो. ठोकळ्या एकेक तबकडी कडेनं धरून यंत्रात ठेवत होता. यंत्राचा लिहिण्याचा वेग आप्पांनी सगळ्यात कमी केला, म्हणजे प्रत्येक डाग नीट भाजायला वेळ मिळेल.

वरून सहावी तबकडी: सेकंदाला नऊशे चुका. ती बादच होती. बारावी: एकशे साठ. वाजत होती, पण जेमतेम. अठरावी: अडतीस!

"आता शेवटची, पंचविसावी," चारू हात चोळत म्हणाली. "दहाच चुका निघतील बघा."

निघाल्या दोनशे चाळीस.

चारूचा चेहरा पडला. तिचा तर्क चांगला सरळसोट होता, मग चुकला कुठे? तिनं डबा उचलून त्याचं बूड पाहिलं. मग तिनं ठोकळ्याला विचारलं, "गच्चीवर डबा कशावर ठेवायचास?"

"फरशीवर. बिबड्यांच्या शेजारी."

"फरशी किती तापायची?"

"अडुसष्ट अंश."

"सापडलं!" चारू ओरडली. "वरून ऊन लागलं आणि खालून चटका लागला! आप्पा, रंजक उष्णतेनंही बिघडतं ना?"

"उष्णतेनं बिघडतं, दमटपणानंही बिघडतं. अंधार, गारवा आणि कोरडी हवा, एवढंच त्याला हवं असतं," आप्पा म्हणाले. त्यांनी उरलेला अर्धा लाडू तिच्या हातावर ठेवला. आप्पा लाडू सहजासहजी देत नसत.

म्हणजे चांगल्या तबकड्या मधेच कुठेतरी होत्या, वरच्या उन्हापासून लांब आणि खालच्या चटक्यापासूनही लांब. अठरावी चांगली होती, पण ती तपासण्यात संपली होती. आता एकोणिसावी घ्यावी का? ती चांगली असेलच असं कशावरून? चारूनं पेन्सिल चावली.

"एकोणिसावीला हात लावू नका," ती शेवटी म्हणाली. "विसावी तपासा."

विसाव्या तबकडीवर सेकंदाला छत्तीस चुका निघाल्या.

"अठरावीवर अडतीस, विसावीवर छत्तीस. मधल्या एकोणिसावीनं तेच ऊन आणि तोच चटका सोसलाय. तिच्यावर सदतीसच्या आसपास निघायला हव्यात. मी तिच्यावर न लिहिताच सांगतेय!"

 आप्पांनी चष्मा काढून पुसला. चारूला कळलं की आपण आज काहीतरी मोठं केलंय, आणि तिला फार अभिमान वाटला.

मंगळवारी सगळे नाल्याकाठी गेले. रानपिंगळा ओरडला नाही. बुधवारी सकाळी पुन्हा गेले. एकोणिसावी तबकडी काळ्या पिशवीत होती आणि पिशवी ठोकळ्याच्या पोटातल्या गार कप्प्यात होती. माघाचं कोवळं ऊन सागाच्या वाळक्या पानांवर पसरलं होतं. आठ वाजले, नऊ वाजले. चारूच्या पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. आज जर तो गप्प राहिला, तर उद्या तिच्या हातात काहीच नसणार होतं.

साडेनऊला एका निष्पर्ण फांदीवर मातकट रंगाचा एक गोळा हलला. चारूनं तबकडी सरकवली आणि बटण दाबलं.

"ओऽव्... ओऽव्..."

रानपिंगळ्यानं शेपटी इकडून तिकडे झटकली, चारूकडे पिवळ्याजर्द डोळ्यांनी रोखून पाहिलं आणि पुन्हा साद दिली. सहा वेळा. मग तो झाडाच्या ढोलीत शिरला.

घरी जाईपर्यंत थांबायचं नाही, हे आता चारू शिकली होती. तिनं तिथेच यंत्राला चुका मोजायला लावल्या. पडद्यावर आकडा उमटला: सदतीस. ठोकळ्याच्या छातीवरचा हिरवा दिवा असा लखलखला, की त्याला पिशवीपासून चार पावलं लांब उभं करावं लागलं.

गुरुवारी सुनावणीला रेहाना तडवी मॅडम आल्या. रानाच्या नोंदी तपासणाऱ्या त्या अधिकारी. बोलायच्या कमी आणि विश्वास ठेवायच्या त्याहूनही कमी, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी आपल्याजवळच्या यंत्रात तबकडी घातली. पंचायतीची खोली खच्चून भरली होती. मागच्या बाजूला तळ बांधणारी माणसं नकाशे घेऊन बसली होती.

"ओऽव्... ओऽव्..."

 मॅडमनी आवाज पुन्हा लावला. मग तबकडीचा क्रमांक पाहिला, तारीख पाहिली, चुका पाहिल्या.

"अकरा वर्षांची कोरी तबकडी," त्या म्हणाल्या, "आणि इतक्या कमी चुका? जिल्ह्यात अशा डब्यांतल्या निम्म्या तबकड्या आम्ही फेकून देतो. ही कशी निवडलीस?"

चारूनं वही पुढे केली. मॅडमनी तक्ता वाचला. सहा, बारा, अठरा, पंचवीस, वीस. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या. "या वहीची मला प्रत हवी," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावांना पाठवते. डबा अंधारात ठेवा, किती वर्षं झाली ते बघा, आणि वापरण्याआधी शेजारच्या तबकड्या तपासा."

मग त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली. नाल्याकाठचं रान राखीव झालं. तळ पलीकडच्या माळावर जाणार होता. मागच्या माणसांनी नकाशे गुंडाळले. त्यांतला एक तरुण मात्र जाता जाता चारूला म्हणाला, "आवाज पुन्हा एकदा लावशील का? मी कधी ऐकला नव्हता."

तिनं लावला. या वेळी मॅडमही कागद बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"हा आवाज आता किती वर्षं टिकेल गं?" त्यांनी विचारलं.

चारूनं विचार केला. "गार अंधारात ठेवली तर तबकडी बरीच वर्षं टिकेल. दर पाच वर्षांनी चुका मोजू, आणि वाढल्या तर नवी प्रत काढू. पण मॅडम," ती खिडकीबाहेर नाल्याच्या दिशेनं बघत म्हणाली, "तो ज्या ढोलीत शिरला ना, तिथे आतून आणखी एक आवाज आला होता. बारीकसा. तबकडीवर शेवटी आहे, नीट ऐका."

मॅडमनी यंत्र कानाजवळ नेलं. सहाव्या सादेनंतर क्षणभर काहीच नव्हतं. मग अगदी पुसट चिवचिव ऐकू आली, एका पिलाची नव्हे, दोघातिघांची.

रेहाना तडवींनी पुन्हा पेन उघडलं आणि निकालाच्या कागदावर, सहीच्याही खाली, एक ओळ वाढवली: 'येथे रानपिंगळ्यांचं कुटुंब राहतं.'